शब्द आणि वस्तू : थेट अंतःक्षेपणाच्या पेट्रोल-एंजिनाची निगा

विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य युरोपातील काही भाषाशास्त्रज्ञांनी शब्दांच्या अभ्यासाला वस्तूंच्या अभ्यासाची जोड दिली पाहिजे असा आग्रह धरला. रूडोल्फ मेरिंगर आणि हूगो शुखार्ट ही त्यांतील दोन प्रमुख नावे होत. १९०९ साली मेरिंगर व त्याच्या सहकाऱ्यांनी जे नियतकालिक काढले त्याचे नावच ‘शब्द आणि वस्तू’ या अर्थाचे होते. नांगराच्या अवयवांची नावे अभ्यासावयाची तर नांगर कसा चालतो हे पाहिले पाहिजे, घराच्या भागांची नावे अभ्यासावयाची तर घर कसे बांधतात हे ठाऊक असले पाहिजे, अशी ही साधी भूमिका होती. तिच्यातून एक उपसिद्धान्त निघतो. वस्तू बदलली आणि शब्द मात्र तोच राहिला, तर त्या शब्दावर विसंबून वस्तूशी केलेला व्यवहार फसण्याचा संभव असतो.

अशा फसगतीचे आजचे एक उदाहरण मोटारगाडीच्या बॉनेटखाली सापडते. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक नव्या गाड्यांच्या एंजिनांत पेट्रोल आता सरळ सिलिंडरात फवारले जाते. त्यापूर्वीच्या गाड्यांत ते सिलिंडराबाहेर, हवेच्या नळीत फवारले जात असे. या दोन्ही क्रियांना गाडीचा मालक, गॅरेजमधील कारागीर आणि सुटे भाग विकणारा दुकानदार ‘इंजेक्शन’ हा एकच शब्द वापरतात. फवारणीची जागा काही बोटे सरकली, एवढाच वरवर पाहता फरक. परंतु त्यामुळे एंजिनाची निगा राखण्याचे बरेचसे जुने ज्ञान निरुपयोगी ठरले, आणि जुन्या शब्दांनी हा बदल झाकून ठेवला. हा फरक कोणता, त्यातून मालकाची कर्तव्ये कशी बदलतात आणि शब्द येथे कोठे दगा देतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. मिश्रण कोठे होते?

अंतर्ज्वलन एंजिनात सिलिंडर, त्यात वरखाली होणारा दट्ट्या, हवा आत घेणारी प्रवेश-झडप, जळालेले वायू बाहेर सोडणारी निष्कास-झडप आणि ठिणगी पाडणारा प्लग हे मुख्य अवयव होत. दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढली जाते; तो वर येताना ती दाबली जाते; ठिणगी पडून ज्वलन झाले की दट्ट्या जोराने खाली लोटला जातो; आणि तो पुन्हा वर आला म्हणजे जळालेले वायू बाहेर पडतात. या चार टप्प्यांत पेट्रोल हवेशी केव्हा आणि कोठे मिसळावयाचे, या प्रश्नाला एंजिनाच्या इतिहासात तीन उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर कार्बुरेटरचे. हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे निर्माण झालेल्या कमी दाबामुळे पेट्रोल आपोआप ओढले जाते आणि हवेबरोबर सिलिंडरात शिरते. दुसरे उत्तर प्रवेश-नळीतील अंतःक्षेपणाचे. प्रत्येक सिलिंडराच्या प्रवेश-झडपेमागे एक अंतःक्षेपक असतो आणि तो सुमारे ३ ते ४ बार इतक्या दाबाने झडपेच्या पाठीवर पेट्रोल फवारतो. २००० सालाच्या आगेमागे भारतातील गाड्यांच्या मागील बाजूस ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली, ती याच रचनेची होत. तिसरे उत्तर थेट अंतःक्षेपणाचे. येथे अंतःक्षेपकाचे तोंड सिलिंडराच्या आतच उघडते. दाबल्या जाणाऱ्या हवेत पेट्रोल शिरावयाचे आणि क्षणार्धात त्याचे बारीक तुषार व्हावयाचे, तर दाबही तितकाच प्रचंड हवा. तो साधारणपणे ५० ते २०० बार, आणि अलीकडच्या रचनांत ३५० बारपर्यंत असतो. त्यासाठी कॅमदंडाने चालणारा स्वतंत्र उच्चदाब पंप बसविलेला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने सिलिंडरात फवारलेले पेट्रोल आतली हवा थंड करते. हवा थंड राहिली म्हणजे ती अधिक दाबता येते आणि अवेळी पेट घेण्याची भीती कमी होते. अधिक दाबलेल्या मिश्रणातून त्याच पेट्रोलात अधिक काम मिळते. त्यामुळे टर्बो जोडलेले एक लिटरचे छोटे एंजिनही पूर्वीच्या दीड लिटरच्या एंजिनाइतके काम देऊ शकते. मालकाला जाणवणारा चपळपणा आणि कमी खप यांचे मूळ येथे आहे.

मात्र तिन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या दोन रचनांत पेट्रोल प्रवेश-झडपेवरून वाहत जाते. तिसऱ्या रचनेत ते झडपेला स्पर्शही करीत नाही. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे.

२. पूर्वपीठिका

थेट अंतःक्षेपणाची कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या डाइमलर-बेन्झ ६०१ या एंजिनात ती यशस्वी झाली होती. १९४० साली ब्रिटनवरील हवाई संग्रामात त्यांच्याशी झुंजणाऱ्या ब्रिटिश विमानांच्या मर्लिन एंजिनांत कार्बुरेटर होते. विमान एकाएकी नाक खाली करून झेपावले की कार्बुरेटरातील पेट्रोलचा पुरवठा विस्कळीत होऊन एंजिन अडखळत असे. जर्मन एंजिनांना ही अडचण नव्हती. युद्धानंतर, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, गुटब्रोड आणि गोलिआट या दोन जर्मन कंपन्यांनी बॉशच्या साहाय्याने आपल्या छोट्या द्विधावी एंजिनांच्या गाड्यांत हे तंत्र आणले. गुटब्रोड येथे काम केलेले हान्स शेरेनबेर्ग पुढे डाइमलर-बेन्झकडे गेले, आणि १९५४ साली त्या कंपनीची ‘३०० एसएल’ ही प्रसिद्ध गाडी तीन लिटरच्या, थेट अंतःक्षेपणाच्या चतुर्धावी एंजिनासह लोकांपुढे आली.

या गाडीची एक खोड येथे विशेष उद्‌बोधक आहे. तिचा अंतःक्षेपण-पंप यांत्रिक होता. किल्ली फिरवून ठिणगी बंद केली तरी एंजिन पूर्ण थांबेपर्यंत तो पेट्रोल फवारीतच राही. न जळलेले हे पेट्रोल सिलिंडराच्या भिंतींवरील तेलाचा थर धुऊन काढी आणि खाली उतरून एंजिनच्या तेलात मिसळे. त्यातच या एंजिनात तेलाचा साठा सुमारे दहा लिटर इतका मोठा, आणि त्याला गार करण्याची व्यवस्थाही मोठी. त्यामुळे जवळच्या प्रवासात तेल पुरेसे तापत नसे आणि त्यात मिसळलेले पेट्रोल उडूनही जात नसे. परिणामी दर हजार मैलांना तेल बदलावे अशी सूचना होती. थेट अंतःक्षेपणाच्या गाडीचे आरोग्य एंजिनच्या तेलावर अवलंबून असते, हा धडा अशा रीतीने आरंभीच मिळाला होता.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा आधार मिळाल्यावर १९९६ साली जपानमध्ये मित्सुबिशी कंपनीने ‘जीडीआय’ या नावाने असे एंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. त्यात पेट्रोलच्या एका भागास हवेचे चाळीस भागांपर्यंतचे विरळ मिश्रण जाळण्याचा महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता. २००० साली फोक्सवागेनने ‘एफएसआय’ आणले. विरळ मिश्रणाचा मार्ग पुढे बहुतेकांनी सोडला, कारण त्यातून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांचे निवारण अवघड होते. थेट फवारणी मात्र टिकली, आणि टर्बोच्या जोडीने सर्वत्र पसरली. महाराष्ट्राचाही या विस्ताराशी प्रत्यक्ष संबंध आहे. २०१३ साली आलेली ‘पोलो जीटी टीएसआय’ पुण्याजवळ चाकण येथे तयार होत असे. २०२१ साली आलेल्या ‘कुशाक’ आणि ‘टायगुन’ या गाड्या, तसेच महिंद्रची ‘एक्सयूव्ही ७००’ याही चाकणच्याच. त्यांची पेट्रोल-एंजिने थेट अंतःक्षेपणाची आहेत.

३. काजळी आणि किटण

एंजिनात साचणाऱ्या प्रत्येक काळ्या थराला गॅरेजमध्ये ‘कार्बन’ म्हणतात. ‘कार्बन धरला आहे’, ‘कार्बन काढावा लागेल’ ही तेथील नित्याची वाक्ये होत. हा शब्द रसायनशास्त्रातून आला असला तरी गॅरेजमधील त्याचा अर्थ ‘एंजिनातला काळा मळ’ एवढाच आहे. मराठी घरांत मात्र काळ्या मळासाठी दोन वेगळे शब्द आहेत. कंदिलाच्या काचेवर धरते ती काजळी. तेलाच्या बुधल्याला किंवा समईच्या बुडाला चढते ते किटण. काजळी ज्योतीपासून होते. ती कोरडी असते आणि फडक्याने पुसली जाते. किटण तेलापासून होते. ते आधी चिकट असते, पुढे तापून वाळून घट्ट बसते आणि खरवडल्यावाचून निघत नाही. गृहिणीचा हा भेद एंजिनाच्या बाबतीत अत्यंत उपयुक्त आहे.

दट्ट्याच्या माथ्यावर, प्लगच्या टोकावर आणि धुराच्या नळीत जी साचते ती मुख्यतः काजळी. थेट अंतःक्षेपणात पेट्रोलला हवेत मिसळण्यास फारच थोडा अवधी मिळतो. त्याचे काही थेंब दट्ट्यावर व भिंतींवर ओलावा धरून तेथेच जळतात, आणि त्यातून सूक्ष्म कण निर्माण होतात. म्हणूनच युरोपातील ‘युरो ६’ नियमांनी थेट अंतःक्षेपणाच्या पेट्रोल-गाड्यांवर कणांच्या संख्येची मर्यादा घातली, आणि भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ नियमांतही तशी मर्यादा आहे. ती पाळण्यासाठी काही गाड्यांच्या धुराड्यात कण अडविणारी गाळणी बसवितात.

प्रवेश-झडपेच्या पाठीवर जे साचते ते मात्र किटण होय. दट्ट्याच्या कड्यांमधून थोडे वायू नेहमीच खाली, तेलाच्या कोठीत उतरतात. ते तेलाचे सूक्ष्म तुषार घेऊन वर येतात. हवा दूषित होऊ नये म्हणून हे तेलकट वायू बाहेर न सोडता पुन्हा प्रवेश-नळीत सोडण्याची योजना प्रत्येक आधुनिक एंजिनात असते. झडपेच्या दांड्याजवळूनही तेल किंचित झिरपते. हे तेल तापलेल्या झडपेवर बसते, वाळते आणि त्याचे थरावर थर चढतात. ही क्रिया कार्बुरेटरच्या एंजिनातही घडत होती, नळीतील अंतःक्षेपणाच्या एंजिनातही घडते. परंतु तेथे प्रत्येक फेरीत झडपेवर पेट्रोलचा शिडकावा होतो, आणि पेट्रोलात मिसळलेली शोधक द्रव्ये ती धुऊन काढतात. झडप आपोआप धुतली जात होती, म्हणून तिची कोणी चिंता केली नाही. थेट अंतःक्षेपणात ही धुलाई बंद झाली. तेलाचे तुषार मात्र पूर्ववत येत राहिले.

थर वाढला म्हणजे हवेचा मार्ग अरुंद व वाकडातिकडा होतो. सकाळी गार एंजिन सुरू करताना ते थरथरते, क्वचित एखादा सिलिंडर पेट घेत नाही (गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते), पिकअप मंदावतो आणि खप वाढतो. हे सर्व इतक्या सावकाश घडते की रोज गाडी चालविणाऱ्याला ते उमगत नाही.

४. ‘इंजेक्टर क्लीनिंग’ या संज्ञेचा अर्थ

अशा वेळी मालक गॅरेजकडे जातो, आणि त्याला ‘इंजेक्टर क्लीनिंग’ करून घेण्याचा किंवा टाकीत शोधक द्रव्याची बाटली ओतण्याचा सल्ला मिळतो. नळीतील अंतःक्षेपणाच्या गाडीत हा सल्ला योग्य आहे, कारण टाकीत ओतलेले द्रव्य पेट्रोलबरोबर अंतःक्षेपकातून बाहेर पडते आणि पुढे झडपेवरही पडते. एका उपायाने दोन कामे होतात. थेट अंतःक्षेपणाच्या गाडीत तेच द्रव्य अंतःक्षेपकाचे तोंड साफ करील, ज्वलनकक्षातील मळही काहीसा कमी करील. परंतु झडपेपर्यंत ते पोहोचणारच नाही. त्याच्या वाटेवर झडप येतच नाही.

येथे कारागीर अप्रामाणिक असतो असे समजण्याचे कारण नाही. तो दोन्ही गाड्यांना एकच संज्ञा वापरतो, आणि संज्ञेबरोबर उपायही वाहून नेतो. मालकही तीच संज्ञा ऐकून निश्चिंत होतो. पैसे खर्च होतात, पावतीवर ‘क्लीनिंग’ असे लिहिलेले असते, आणि झडपेवरील किटण जागच्या जागी राहते. काही महिन्यांनी थरथर कायम आहे असे दिसले की प्लग, कॉइल, अंतःक्षेपक असे महागडे भाग एकामागून एक बदलले जातात. निदान चुकण्याचे मूळ अनेकदा संज्ञेत असते.

‘गाडी हायवेला मोकळी करून आणा’ हाही असाच एक जुना सल्ला. यात अंशतः तथ्य आहे. दीर्घ व सलग प्रवासाने तेल तापते, त्यातील पेट्रोलचा अंश उडून जातो आणि धुराड्यातील गाळणीत अडकलेली काजळी जळण्यास वाव मिळतो. परंतु प्रवेश-झडपेवरून सतत ताजी हवा जात असल्यामुळे, बसलेले किटण जळून जाईल इतकी ती झडप तापत नाही. काजळी ‘मोकळी’ होते, किटण होत नाही. हे दोन शब्द वेगळे ठेवले असते तर सल्ल्याची मर्यादाही स्पष्ट झाली असती.

किटण काढण्याचा खात्रीचा उपाय यांत्रिक आहे. प्रवेश-नळ्यांचा जोड सोडवितात, एंजिन हाताने फिरवून त्या सिलिंडराच्या प्रवेश-झडपा पूर्ण बंद आहेत अशी खात्री करतात, आणि अक्रोडाच्या कवचाचा बारीक भरडा दाबाच्या हवेने झडपेवर मारून लगोलग शोषून घेतात. अक्रोडाचे कवच थर फोडण्याइतके कठीण, पण झडपेच्या धातूला ओरखडा न पाडण्याइतके मऊ असते. चुकून एखादा कण राहिलाच तर तो जळून जातो. हवेच्या वाटेने रासायनिक फवारा मारण्याची पद्धतही आहे. थर पातळ असताना तिचा उपयोग होतो. तथापि टर्बो असलेल्या एंजिनात तिच्याविषयी काही उत्पादक सावध करतात, कारण सुटलेले तुकडे पुढे जाऊन टर्बोच्या पात्यांना इजा करू शकतात. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे हे आधी पाहणे श्रेयस्कर.

या दोषावर उत्पादकांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे दोन्ही प्रकारचे अंतःक्षेपक एकाच एंजिनात बसविणे. टोयोटाने २००५ पासून ‘डी-४एस’ या नावाने ही रचना वापरली. अशा एंजिनात नळीतील अंतःक्षेपक अधूनमधून झडप धुतो. जुन्या रचनेचा एक न मोजलेला गुण होता, आणि तो गमावल्यावरच त्याचे मोल कळले, याची ही जणू कबुलीच होय.

५. तेल : निगेचा केंद्रबिंदू

झडप धुणारे पेट्रोल नाहीसे झाले, म्हणजे झडपेवर काय बसते हे बहुतांशी एंजिनच्या तेलावर अवलंबून राहिले. त्यामुळे या गाडीच्या मालकाने पेट्रोलच्या शुद्धतेपेक्षा तेलाची चिंता अधिक करावयास हवी. तेलाकडे लक्ष देण्याची चार कारणे सांगता येतात.

पहिले कारण वर आलेच : निकृष्ट किंवा जुने तेल अधिक वाफाळते आणि किटण वाढविते. दुसरे कारण ‘३०० एसएल’च्या काळापासूनचे. गार एंजिनात भिंतींवर आदळलेले पेट्रोल तेलात उतरते. ज्याची गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जाते त्याच्या तेलाला तापण्याची संधीच मिळत नाही. तेलपट्टीवरील पातळी खाली जाण्याऐवजी वर चढत असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते शुभचिन्ह समजू नये. तेल पातळ होऊन त्याची वंगणशक्ती घटल्याची ती खूण आहे.

तिसरे कारण अवेळी ज्वलनाचे. टर्बो जोडलेल्या अशा एंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला असता, ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण कोठेतरी पेट घेते आणि दट्ट्यावर प्रचंड आघात होतो. दट्ट्या फुटल्याचीही उदाहरणे आहेत. तेल व पेट्रोल यांचे मिश्र थेंब त्यास कारण होतात, आणि तेलातील कॅल्शियमयुक्त शोधकांचे प्रमाण अधिक असल्यास हा धोका वाढतो, असे आढळून आले. त्यावरून तेलाची मानके बदलण्यात आली. २०२० च्या मे महिन्यापासून वापरात आलेल्या अमेरिकन ‘एपीआय एसपी’ या मानकात अवेळी ज्वलनाची, तसेच टायमिंग चेनच्या झिजेची कसोटी समाविष्ट आहे. चालविणाऱ्याचाही यात वाटा आहे. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रखडत ओढण्याची काटकसर या एंजिनाला मानवत नाही; वेळीच गिअर उतरविणे हीच खरी काटकसर.

चौथे कारण धुराड्यातील गाळणीचे. काजळी जळून जाते, परंतु तेलातील धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची साठते. म्हणून गाळणी असलेल्या गाडीला कमी राखेचे तेल लागते. यावरून असे दिसेल की, ‘चांगले तेल’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. डब्यावरील किंमत किंवा नाव न पाहता त्यावरील मानकाची अक्षरे पुस्तिकेतील अक्षरांशी जुळतात की नाही हे पाहिले पाहिजे. तेल बदलण्याची मुदत बहुधा १० ते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. पण पुस्तिकेतच कठीण वापरासाठी निराळी, कमी मुदत सांगितलेली असते, आणि शहरातील थोड्या थोड्या अंतराचा, थांबत थांबत होणारा प्रवास हा कठीण वापरच होय. ज्याला मालक ‘गाडी फारशी वापरत नाही’ असे म्हणतो, तो वापर एंजिनाच्या दृष्टीने सर्वांत कष्टाचा असतो.

याखेरीज दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. उच्चदाबाच्या नळ्यांत एंजिन बंद केल्यावरही काही काळ दाब टिकून राहतो. कार्बुरेटरच्या गाडीप्रमाणे पान्याने नळी सैल करून पेट्रोल येते का हे पाहणे येथे जिवावर बेतू शकते. दाब विधिपूर्वक उतरविल्यावाचून त्यांना हात लावू नये, आणि काढलेली नळी पुन्हा वापरावयाची की नाही हेही पुस्तिकेत पाहावे. दुसरी गोष्ट, गाडी उभी असताना अशा एंजिनातून जी बारीक टकटक ऐकू येते ती बहुधा अंतःक्षेपकांची असते. जुन्या गाडीत टकटक म्हणजे झडपांचा दोष असे शिकलेल्या कानाला ती खटकते. परंतु ती एकसारखी असेल तर दोषाची खूण नव्हे. ध्वनीचाही अर्थ, शब्दाप्रमाणेच, वस्तू बदलली की बदलतो.

६. नावे आणि त्यांचा फसवेपणा

आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची, हे कळल्याशिवाय वरील विवेचनाचा उपयोग नाही. येथेही नावांवर विसंबता येत नाही. ‘टर्बो’ म्हटले की थेट अंतःक्षेपण असणार, असा समज आढळतो. परंतु टाटांच्या ‘नेक्सॉन’मधील १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल-एंजिन नळीतील अंतःक्षेपणाचे आहे. मारुतीच्या ‘ड्युअलजेट’ या नावातील दोन ‘जेट’ म्हणजे प्रत्येक सिलिंडरामागे नळीत बसविलेले दोन अंतःक्षेपक होत. तेथे झडप पूर्वीप्रमाणेच धुतली जाते. त्याच कंपनीचे ‘बूस्टरजेट’ मात्र थेट अंतःक्षेपणाचे. दोन्ही नावांत ‘जेट’ समान, दोन्ही एका घरची, आणि निगा मात्र वेगळी. म्हणून नावावरून तर्क न करता पुस्तिकेतील तांत्रिक माहितीच्या तक्त्यात इंधनपद्धती पाहणे हाच राजमार्ग.

मराठी पर्यायही या बाबतीत निर्दोष नाही. ‘इंजेक्शन’ हा शब्द ‘आत फेकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. ‘अंतःक्षेपण’ हे त्याचेच अवयवशः भाषांतर : ‘अंतः’ म्हणजे आत आणि ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. शब्द डौलदार आहे, परंतु ‘आत’ म्हणजे कशाच्या आत, हे तो सांगत नाही. एंजिनाच्या आत म्हणावे तर नळीही एंजिनाचाच भाग. ‘थेट’ हे विशेषण लावल्यानेही मार्गाचा बोध होतो, स्थानाचा होत नाही. त्याऐवजी ‘नळी-अंतःक्षेपण’ आणि ‘सिलिंडर-अंतःक्षेपण’ अशी जोडी वापरली तर पेट्रोल कोठे पडते हे नावातच सांगितले जाईल, आणि झडप धुतली जाते की नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळेल. परिभाषा घडविणाऱ्यांनी मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा वस्तूच्या रचनेकडे पाहावे, याचे हे एक लहानसे पण बोलके प्रमाण आहे.

७. उपसंहार

थेट अंतःक्षेपणाचे एंजिन वाईट आहे, असा निष्कर्ष या विवेचनातून काढणे चुकीचे ठरेल. थोड्या पेट्रोलात अधिक काम हे त्याचे वचन खरे आहे. मात्र जुने एंजिन मालकाच्या नकळत जे एक काम करीत होते ते आता मालकाकडे आले आहे. योग्य मानकाचे तेल वेळेत बदलणे, केवळ अगदी जवळच्या फेऱ्यांवर गाडी न ठेवणे, चढावर गिअर उतरविणे, आणि गार एंजिनाची थरथर वाढू लागली तर भाग बदलण्यापूर्वी झडपा तपासून घेणे, एवढे केले म्हणजे त्या कामाचा मोठा भाग पार पडतो. आधुनिक गॅरेजमध्ये प्रवेश-नळीतून बारीक कॅमेरा घालून झडपा पाहता येतात. पाहिल्यावाचून ‘कार्बन’ असे निदान स्वीकारू नये.

पुढील वेळी गाडी गॅरेजमध्ये गेली आणि ‘इंजेक्टर क्लीनिंग करू या’ असे कोणी म्हटले, तर मालकाने एकच प्रश्न विचारावा : हे द्रव्य झडपेपर्यंत पोहोचते का? या प्रश्नाने बोलणे शब्दावरून वस्तूवर येते. जाणता कारागीर त्याचे स्वागतच करील, कारण काजळी कोठली आणि किटण कोठले हे त्याच्या हातांना पूर्वीपासून ठाऊक असते. त्याच्या भाषेत त्या दोहोंना वेगळी नावे तेवढी नव्हती.